रुईचे विष पचवणारी अळी

शनिवारी सकाळी जालना जिल्ह्यातल्या जवळपास कुठल्याही गावात मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायला असतात. माळ ओवणाऱ्या बायका पाने निवडून घेतात. जाड, अखंड, पांढुरक्या लवेची पाने दोऱ्यात जातात. भोके पडलेली, कडा कुरतडलेली पाने बाजूला पडतात. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांनी मारुतीची उपासना गावोगाव नेली, तेव्हा या भागात रुईला मान असणे स्वाभाविकच. पांढऱ्या फुलांची रुई म्हणजे मंदार गणपतीचा, आणि राजूरचा गणपतीही याच जिल्ह्यातला. मानाचे झाड असूनही रुई कुणी मुद्दाम लावत नाही. ती रस्त्याच्या कडेला, पडीक गायरानात, जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीत आपली आपण उगवते. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात, बांधावरचे गवत करपते, तरी ही हिरवीगार असते. शेळ्या-मेंढ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत.

मग त्या बाजूला टाकलेल्या पानांना भोके कोण पाडते?

पान उलटून पाहिले तर उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते. काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असलेली, केस नसलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी अळी. पाठीवर मऊ काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. लपायचा काहीही प्रयत्न नाही. भर उन्हात, पक्ष्यांच्या नजरेसमोर ती निवांत खात असते. ही प्लेन टायगर या फुलपाखराची अळी. मराठीत या फुलपाखराला बिबळ्या कडवा म्हणतात, आणि त्यातला 'कडवा' हा शब्द रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी नेमका आहे. तांबूस-नारिंगी पंख, पुढच्या पंखांची टोके काळी, त्यावर पांढरा पट्टा, मागच्या पंखांवर काही काळे ठिपके आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके. उडणे संथ, जणू कसलीच घाई नाही. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हे फुलपाखरू आढळते. इजिप्तमध्ये लक्सर येथे सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रातही ते ओळखू येते.

त्याचे अमेरिकेतले चुलतभावंड म्हणजे मोनार्क. तिकडे मोनार्कसाठी घरोघरी मिल्कवीड नावाची चिकाची झाडे लावण्याची मोठी चळवळच उभी राहिली आहे. कॅनडाच्या दक्षिण भागातून आणि अमेरिकेतून ही फुलपाखरे हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढायला जातात. ती नेमकी कुठे जातात हे शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये कळले. त्यांची संख्या इतकी घटली, की २०२२ मध्ये या स्थलांतर करणाऱ्या मोनार्कची नोंद आंतरराष्ट्रीय यादीत 'धोक्यात' अशी झाली; पुढच्या वर्षी ती एक पायरी खाली, 'असुरक्षित' अशी आणली गेली. मोनार्कची अळी मिल्कवीडच्या कुळाबाहेर दुसरे काही खात नाही. झाड गेले की अळी गेली, आणि अळी गेली की फुलपाखरू. आपली रुई त्याच मिल्कवीडच्या कुळातली. अमेरिकेतली माणसे रोपवाटिकेत पैसे मोजून जे झाड आणतात, त्याचा भाऊबंद जालन्यात फुकट उगवतो आणि तणकटाबरोबर उपटला जातो.

या गोष्टीत वैद्यकाचा भाग कुठे येतो? तर तो रुईच्या चिकात आहे.

रुईचे पान तोडले की दुधासारखा पांढरा चीक येतो. त्यात कार्डेनोलाइड या गटातली द्रव्ये असतात. हृदयविकाराच्या रुग्णांना डिगॉक्सिन नावाची गोळी दिली जाते, ती याच गटातली. १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांचा अंगावर सूज आलेल्या रुग्णांना होणारा उपयोग पुस्तकरूपाने मांडला. तेव्हापासून आजवर हे औषध वापरात आहे. त्याचा उपयोग आणि त्याचे विष यांच्यातले अंतर फार थोडे, हे मात्र प्रत्येक डॉक्टरला शिकतानाच सांगितले जाते. मात्रा थोडी वाढली की रुग्णाला मळमळते, उलट्या होतात, कधी सगळे पिवळट दिसू लागते आणि नाडी अडखळते.

हे घडते एका पंपामुळे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक सूक्ष्म पंप असतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कार्डेनोलाइड या पंपाला जाऊन चिकटते आणि तो बंद पाडते. हृदयाच्या पेशीत त्यामुळे कॅल्शियम वाढते. मात्रा नेमकी असेल तर ठोका जोरकस होतो, जास्त झाली तर हृदयाची लय बिघडते. माणूस, बैल, कावळा, टोळ, सगळ्यांच्या पेशींत हा पंप आहे. म्हणूनच रुईला सहसा कुणी तोंड लावत नाही.

मग अळी कशी वाचते? मोनार्कमध्ये या पंपाचा साचाच जरासा बदललेला आहे. जिथे विष येऊन चिकटायचे, तिथले काही मोजके घटक वेगळे असल्याने विषाला नीट पकड मिळत नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या जनुकांत असे तीनच बदल घडवले, आणि ती साधी माशी मोनार्कच्या अळीसारखी हे विष पचवू लागली. एका प्रथिनातल्या सुमारे हजार कड्यांपैकी फक्त तीन! बिबळ्या कडवा आणि त्याच्या गणगोतातही हा पंप कमी-अधिक प्रमाणात बदललेला आढळतो.

अळी विष नुसते पचवून थांबत नाही, ती ते साठवते. कोषातून फुलपाखरू बाहेर येते, तेव्हाही ते विष त्याच्या अंगात असते. १९६८ मध्ये चार शास्त्रज्ञांनी मोनार्कच्या शरीरातून ही हृदयविषे वेगळी काढून दाखवली. त्यांतले टाडेउश राइकश्टाइन यांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल कॉर्टिसोनशी संबंधित कामासाठी आधीच मिळालेले होते. दुसऱ्या मिरियम रॉथशील्ड, ज्यांनी कुठलीही औपचारिक पदवी घेतली नव्हती आणि ज्यांची खरी ओळख पिसवांच्या अभ्यासक अशी होती. या मंडळींना मोनार्कच्या अंगात सापडलेल्या विषांपैकी एकाचे नाव कॅलोट्रॉपिन. हे नाव आले आहे कॅलोट्रॉपिस या शब्दावरून, आणि कॅलोट्रॉपिस म्हणजे आपली रुई. अमेरिकेतल्या फुलपाखराच्या अंगातल्या विषाला नाव मिळाले ते देवळाबाहेरच्या माळेतल्या झाडाचे.

या विषाचा पक्ष्यावर होणारा परिणाम लिंकन ब्रोवर यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिला. पिंजऱ्यातल्या ब्लू जे पक्ष्याला मिल्कवीडवर वाढलेला मोनार्क खायला दिला. पक्ष्याने तो खाल्ला, आणि थोड्याच वेळात त्याला उलट्या झाल्या. नंतर त्याने मोनार्कला चोच लावायचे सोडून दिले. डॉक्टरांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही. डिगॉक्सिन जास्त झालेल्या रुग्णालाही पहिली तक्रार मळमळीचीच असते, कारण मेंदूतले उलटीचे केंद्र हृदयाच्या आधी हाक देते. पक्षी उलटी करून वाचतो आणि धडा लक्षात ठेवतो. विष जीव घेत नाही, ताकीद देते. फुलपाखराला ताकीदच हवी असते, कारण मेलेला पक्षी पुढच्या फुलपाखराला सोडून देऊ शकत नाही.

या धाकाचा फायदा उठवणारेही आहेत. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते, पण तिच्या अंगात असले विष नसते. तिची अळी घोळीच्या पाल्यावर वाढते. तीच घोळ, जिची भाजी मराठवाड्यात पावसाळ्यात घरोघरी होते. नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके असलेला. दोघांना शेजारी बसवले तर जोडपे आहे असे वाटणारही नाही.

आता घरच्या बागेचे बघू. बिबळ्या कडव्यासाठी जालन्यात काही करायचे असेल तर पहिली गोष्ट म्हणजे अंगणाच्या कडेला उगवलेली रुई राहू देणे. नवी लावायची असेल तर उन्हाळ्यात तिची बोंडे उकलतात, आत रेशमासारख्या तंतूंना लटकलेले चपटे बी असते. मुले ज्याला म्हातारी म्हणून फुंकर मारून उडवतात, तेच हे. पाऊस पडल्यावर जूनमध्ये बी मातीत टाकले की पुरे. खत नको, औषध नको, रोजचे पाणी तर मुळीच नको. मूळ खोल जाते, म्हणून कुंडीत रुई नाखूश असते आणि मोठी झाल्यावर उपटून दुसरीकडे लावणेही जमत नाही. जागा आधीच नीट ठरवावी. नळाजवळ, मुलांच्या खेळण्याच्या जागेत, वाटेच्या वळणावर ती नको. कुंपणाबाहेरच्या कोपऱ्यात असू द्यावी.

ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे, त्यांच्यासाठी हळदकुंकू नावाचे झुडूप आहे. लाल-पिवळ्या फुलांच्या झुपक्यांमुळे हे नाव पडले. मूळचे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतले, पण इथे कधीचे रुळले आहे. हेच तिकडचे उष्णकटिबंधीय मिल्कवीड, आणि कुंडीत ते आनंदाने वाढते. अळ्या त्याची पाने भराभर संपवतात; दोन-तीन कुंड्या असल्या तर एक उघडी पडेपर्यंत दुसरी फुटलेली असते. बांधावर उतरण नावाची वेल असते, तीही या फुलपाखराला चालते. हरणदोडीची वेल मिळाली तर निळ्या ठिपक्यांचे ब्लू टायगर येण्याची शक्यता वाढते.

हळदकुंकवाबाबत अमेरिकेतला एक अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. तिकडच्या देशी मिल्कवीडचे झाड थंडीत वाळून जाते. हळदकुंकू मात्र दक्षिणेकडच्या उबदार भागांत बाराही महिने हिरवे राहते. फुलपाखरांवर जगणारा एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याचे बीजकण फुलपाखराच्या अंगावरून पानांवर आणि अंड्यांवर पडतात, अळी ते पानाबरोबर खाते आणि फार बाधा झाली तर फुलपाखराला कोषातून धड बाहेर पडता येत नाही. झाड वर्षभर तेच, फुलपाखरे वर्षभर तिथेच, मग परजीवीही साठत जातो. म्हणून तिकडे हळदकुंकू दरवर्षी छाटायला सांगतात. संसर्गाचा हा हिशेब डॉक्टरांना ओळखीचा आहे: गर्दी, तीच जागा आणि स्वच्छतेसाठी खंड नाही. आपल्याकडेही एका कुंडीत वीस अळ्या कोंबून, जाळीच्या खोक्यात ठेवून फुलपाखरे 'वाढवण्याचा' हौशी उद्योग करू नये. वर्षातून दोनदा झुडूप बुडाशी वीतभर ठेवून छाटावे, वाळलेली पाने काढावीत. बाकीचे बाहेरच्या वाऱ्यावर सोडावे.

रुईवर पिवळाधमक मावाही येतो. दाणे चिकटवल्यासारखे शेंड्यावर बसलेले हे किडे पाहून हात फवाऱ्याकडे जातो. तो तिथेच थांबवावा. पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. कडुनिंबाचा अर्कही नको, कारण तो मावा आणि अळी असा भेद करत नाही. रुईवर रंगीत नाकतोडेही बसतात, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे, जणू कुणी रंगवलेले. तेही रुईच्याच जोरावर जगतात. आणि फुलांवर मोठे काळे भुंगे. एवढ्या सगळ्यांना पोसूनही झाड मरत नाही.

आता ज्या कारणासाठी हे झाड घराजवळ लावताना डॉक्टर जरा थांबतात, त्याबद्दल. रुईचा चीक डोळ्यात जाणे ही ग्रामीण भागात नेत्रतज्ज्ञांना परिचित असलेली दुखापत आहे. पान तोडताना चीक उडतो, किंवा बोटाला लागतो आणि तेच बोट डोळ्याला जाते. माळा ओवताना, पूजेसाठी पाने आणताना, शेताचा बांध साफ करताना हे घडते. यातला खरा घात असा, की अनेकदा डोळा फारसा दुखत नाही. थोडी जळजळ, थोडे पाणी, आणि मग सगळे धुरकट दिसू लागते. चुना डोळ्यात गेला तर माणूस किंचाळत दवाखान्यात येतो. रुईचा चीक गेला तर तो दुपारपर्यंत काम करतो, रात्री झोपतो आणि दुसऱ्या दिवशी 'दिसत नाही' म्हणून येतो. चिकाने बुबुळाच्या आतल्या थराला इजा होते. हा थर बुबुळातले जादा पाणी सतत बाहेर टाकत असतो. तो दुबळा झाला की बुबुळ सुजते आणि काच धुरकटल्यासारखी होते. या थराच्या पेशी माणसात जवळपास नव्याने तयार होत नाहीत. वेळेवर उपचार मिळालेले बहुतेक रुग्ण काही दिवसांत सुधारतात, पण ज्याच्या पेशी फार गेल्या, त्याच्या नजरेची हमी देता येत नाही.

म्हणून चीक डोळ्यात गेला तर पहिले काम पाणी. नळाखाली किंवा तांब्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून, पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा. घड्याळ लावून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही वीस वाटतात. दूध, मध, तूप, एरंडेल, घरात पडून असलेली जुनी ड्रॉपची बाटली यांतले काहीही घालू नये. नंतर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, दुखत नसले तरी. डोळे आल्यावर मागे कधी दिलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने टाकणे हा धोका वेगळाच. ते कधी द्यायचे आणि कधी नाही, हे डोळा तपासूनच ठरते. पाने तोडणाऱ्यांनी हात साबणाने धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावू नयेत. चष्मा असेल तर घालावा, गॉगल चालतो.

गुडघ्यावर रुईचे पान गरम करून बांधणे हा घरगुती उपाय अजून चालू आहे. कुणाला बरे वाटतही असेल. उबेने सांधा मोकळा होतो, आणि ऊब गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळते. पण चीक कातडीला लागून फोड येऊ शकतात. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. त्यांना भाजलेलेही कळत नाही. काटा वर यावा म्हणून चीक लावणे, दाढेत चीक भरणे, हेही टाळावे. आयुर्वेदाने अर्काची गणना उपविषांत केली आहे ती उगाच नाही. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतही रुईचे पान जुने आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या विषाचा गटही हाच. मुलाने पान किंवा बी चघळले तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता तोंड धुऊन, झाडाची फांदी सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

इतके सगळे वाचून कुणी रुई नकोच म्हणेल. पण मग अंगणातल्या कण्हेरीचे काय? ती तर अनेकांच्या फाटकाशी आणि दुभाजकांवरही आहे. झाड विषारी असणे आणि घरात धोका असणे यांत फरक आहे. पाच वर्षांखालची मुले असलेल्या घरात रुईऐवजी कढीपत्ता किंवा लिंबू बरे. त्यावर लाइम बटरफ्लाय येते. त्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. विष नाही, चीक नाही. अर्थात मोसंबीच्या बागाईतदाराला हे सांगून पाहावे! जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हीच अळी मोसंबीच्या कोवळ्या कलमांची पाने फस्त करते. बागेतल्या अळ्या हाताने वेचाव्यात, कढीपत्त्यावरच्या राहू द्याव्यात. एवढी तडजोड दोन्ही बाजूंना परवडते.

अळी म्हटले की अलीकडे लोक दचकतात, त्याला कारणही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आणि मराठवाड्यात अन्यत्र 'घोणस अळी'ची मोठी भीती पसरली. उसात, गवतात काम करणाऱ्यांना तिचे काटे टोचून तीव्र वेदना झाल्या, काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. नावातल्या घोणशीमुळे साप चावल्याइतकी घबराट झाली. त्या अळीच्या अंगावर पोकळ, विषारी काटे असतात. टोचल्यास त्या जागेवर चिकटपट्टी लावून ओढावी म्हणजे रुतलेले बारीक काटे निघतात, मग साबणाने धुऊन बर्फ लावावा, आणि श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर डॉक्टरकडे जावे. शेवग्याच्या खोडावर झुबक्याने बसणारे केसाळ सुरवंटही खाज आणतात. बिबळ्या कडव्याच्या अळीला मात्र ना केस ना काटे. तिची ती काळी शिंगे मऊ असतात. मुलांना शिकवायचे तर इतकेच: केस किंवा काटे असलेल्या अळीला हात नाही, आणि नसलेल्या अळीला हात लावायची गरज नाही.

जालन्याचा बियाणे उद्योग देशभर ठाऊक आहे आणि बीटी कपाशीची सुरुवातही २००२ मध्ये इथल्याच कंपनीच्या वाणांनी झाली, म्हणून एक प्रश्न हमखास निघतो: बीटीने फुलपाखरे मरतात का? १९९९ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत असे दिसले, की बीटी मक्याचे पराग शिंपडलेली मिल्कवीडची पाने खाऊन मोनार्कच्या अळ्या मेल्या. जगभर खळबळ उडाली. २००१ मध्ये शेतात केलेले अभ्यास आले, त्यात प्रत्यक्ष धोका अगदी नगण्य निघाला. कपाशीचे पराग तर जड आणि चिकट असतात, ते वाऱ्याने उडून बांधावरच्या रुईवर जाऊन बसत नाहीत. तिकडे मिल्कवीडचा घात झाला तो पराग पडून नव्हे. तणनाशक सहन करणारी पिके आली, शेतभर ग्लायफोसेट मारले गेले आणि ओळींमधले मिल्कवीड संपले. आपल्याकडे बांधावर मारले जाते तेही बहुधा हेच. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले, तरी बांध 'साफ' ठेवण्याची हौस कमी झालेली नाही. फवारणी करणाऱ्याचा जीवही यात आहेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बांधावरची दोन रुईची झाडे सोडून फवारले तर पिकाचे काही बिघडत नाही.

बिबळ्या कडव्याच्या नराची आणखी एक खोड आहे. तो वाळलेल्या भुरुंडीवर, खुळखुळ्यावर किंवा तागाच्या झाडावर बसून त्यातला रस शोषतो. भूक भागवण्यासाठी नव्हे, तर मादीला ओढणारा गंध बनवायला लागणारी द्रव्ये मिळवण्यासाठी. ही द्रव्ये माणसाच्या यकृताला घातक आहेत. १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात अनेकांची पोटे पाण्याने फुगली, यकृते निकामी झाली, माणसे मेली. तपास लागला तो धान्यात मिसळलेल्या खुळखुळ्याच्या जातीच्या बियांपर्यंत. त्याच सुमारास अफगाणिस्तानात भुरुंडीच्या जातीचे बी गव्हात आले आणि तोच आजार दिसला. फुलपाखराच्या प्रणयाला लागणारा माल, आणि माणसाच्या पोटात गेला तर जलोदर. धान्य निवडून घेण्याची घरातल्या म्हाताऱ्यांची शिस्त अशा वेळी आठवते.

घरच्या झाडावर हे सगळे पाहायचे असेल तर पाऊस स्थिरावल्यावरचे महिने, ऑगस्ट ते ऑक्टोबर, सर्वांत चांगले. तसे हे फुलपाखरू वर्षभर दिसते. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक करून अंडी घालते. तीन-चार दिवसांनी अळी निघते आणि आधी अंड्याचे टरफल खाते. मोठी झाल्यावर ती पान खाण्याआधी मधली शीर दातांनी कापते, म्हणजे चिकाचा जोर ओसरतो आणि मग पुढचे पान सुखाने खाता येते. विष पचत असले तरी चिकात तोंड चिकटून बसण्याची भीती तिलाही आहे. दोनेक आठवड्यांत ती पोसते आणि पानाखाली उलटी लटकून कोष करते. कोष हिरवा असतो, कधी गुलाबीसर. आणखी आठ-दहा दिवसांनी त्याचे कवच पारदर्शक होऊन आतले नारिंगी पंख दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येते. त्या वेळी पंख चुरगळलेले आणि ओले असतात. ते सुकून ताठ व्हायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ त्याला हात लावू नये, फांदीही हलवू नये. याच वेळी खाली लालसर थेंब पडलेले दिसतात आणि मुले 'रक्त आले' म्हणून धावत येतात. ते रक्त नसते. कोषात साठलेली घाण फुलपाखरू बाहेर टाकते, आणि शास्त्रात त्याला मेकोनियम म्हणतात. प्रसूती विभागात नवजात बाळाच्या पहिल्या काळ्या शीला डॉक्टर हाच शब्द वापरतात.